रेडिओलॉजीला नंबर लागलाय, आता पुढं?

नीट-पीजीचा निकाल लागून रेडिओडायग्नोसिस (एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय वाचायची ब्रँच) मिळालं की घरात पेढे येतात आणि पहिला शेरा ठरलेला असतो: "बरं झालं, आरामाची ब्रँच. एसीत बसायचं, पेशंटची कटकट नाही." हे सांगणारे काका रंकाळ्यावर फिरताना भेटतात, तसे मेडिसिनला लागलेले मित्रही भेटतात. त्यांचं ऐकून आलात तर पहिल्या इमर्जन्सीच्या आठवड्यातच भ्रम फिटेल.

मी गडहिंग्लज भागातली. एमडी कोल्हापुरातच एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात केलं, आता सीनियर रेसिडेंट आहे. दरवर्षी नव्या फर्स्ट इयरना तेच तेच सांगत बसते, म्हणून एकदाचं लिहून टाकते. माझं मत आधीच सांगते. या ब्रँचमध्ये मागं पडलेले जे जे रेसिडेंट मी बघितले ते वाचनात कमी नव्हते, ते रिपोर्टिंगच्या अंधाऱ्या खोलीतून उठत नव्हते. फिल्म बघण्याआधी पेशंटला दोन प्रश्न विचारायचे आणि रिपोर्ट दिल्यावर त्याचं पुढं काय झालं ते शोधून काढायचं, या दोन सवयी ज्याला लागल्या त्याची तीन वर्षं कारणी लागतात.

पहिला महिना टेक्निशियनच्या हाताखाली

रुजू झाल्या झाल्या रिपोर्टिंग रूममध्ये खुर्ची पकडू नका. एक्स-रे रूममध्ये जाऊन उभे राहा. पेशंटची हनुवटी कुठं ठेवली, खांदे पुढं का ढकलले, कॅसेट कितपत वर घेतली, पोर्टेबल काढताना वॉर्डातल्या खाटेवर पेशंटला कसं उचललं, हे एकदा नीट बघितलं की पुढं निम्म्या फिल्मचा तिढा आपोआप सुटतो. जुन्या टेक्निशियनना "सर" म्हणा आणि मनापासून म्हणा. रात्री अडीच वाजता मशीन अडलं की तेच उपयोगी पडतात. वॉर्डबॉय मामा आणि मावशी यांच्याशीही पहिल्या दिवसापासून नीट बोला. पेशंटांची रांग तुमच्या हातात नसते, त्यांच्या हातात असते.

टीएलडी बॅजसाठी (अंगावर पडलेले एक्स-रेचे किरण मोजणारा बिल्ला) फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरा, कारण बॅज हातात यायला वेळ लागतो. तो छातीच्या पातळीवर, लेड एप्रनच्या आत लावायचा. दर तिमाहीला तो बदलून जातो आणि त्यावरून तुमचा डोस मोजला जातो. आपल्याकडची मर्यादा सलग ५ वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. बॅज एप्रनला लावून एप्रन एक्स-रे रूममध्येच लटकवून जाणारे महाभाग दरवर्षी असतात. मग बॅजवर डोस दिसतो तो भिंतीचा. एप्रन घडी घालून ठेवू नका, घडीवर आतलं शिसं चिरतं आणि बाहेरून काही कळत नाही. हँगरला लावा. पोर्टेबलच्या वेळी दोन पावलं मागं सरकायला लाजू नका: अंतर दुप्पट केलं की डोस चौपटीनं कमी होतो. मुलींसाठी एक वेगळं: दिवस गेलेत असं कळलं की त्याच दिवशी विभागात सांगा. फ्लुरोस्कोपीची (सलग चालणाऱ्या एक्स-रेची) पाळी बदलून मिळणं हा तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.

प्रोब हातात घेण्याआधी

सोनोग्राफीच्या मशीनला हात लावण्याआधी ऑफिसात जाऊन एकच गोष्ट विचारा: केंद्राच्या नोंदणीत माझं नाव गेलं का? पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. कोल्हापुरात त्याची आठवण जरा जास्तच ठेवावी लागते. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. तालमी, सहकार, शिक्षण यांत पुढं असलेल्या जिल्ह्याला तो आकडा फार लागला. त्यातूनच पुढं इथल्या सोनोग्राफी मशीनवर नजर ठेवणारी 'सायलेंट ऑब्झर्व्हर' यंत्रणा बसली आणि तिची चर्चा देशभर झाली.

तुमच्यापुरतं काम असं: प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा, या कायद्यानं ठरवलेला एफ फॉर्म पूर्ण भरलेला, तपासणीचं कारण लिहिलेलं, तिची सही किंवा अंगठा घेतलेला, खाली तुमची सही. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत जातो. एक रकाना कोरा राहिला तरी तपासणीत तो तुमच्या नावावर सापडतो, क्लार्कच्या नाही. बाहेर सासू उभी असते, ती हळूच विचारते, "मॅडम, पेढा का जिलेबी?" हसून वेळ मारून नेऊ नका, गप्पही बसू नका, कारण गप्प बसण्याचाही अर्थ लावला जातो. "मावशी, ते सांगणं गुन्हा आहे, बाळाची वाढ चांगली आहे," एवढं स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड आहे, शिवाय मेडिकल कौन्सिलकडून नोंदणी निलंबित होते ते वेगळंच.

छातीचा एक्स-रे: आधी नाव, मग फुप्फुस

सगळ्यात साधी तपासणी आणि सगळ्यात फसवी. नाव, तारीख, बाजूची खूण हे बघितल्याशिवाय फुप्फुसाकडं नजर जाता कामा नये. मग पीए की एपी, म्हणजे किरण पाठीकडून आलेत की छातीकडून. मग रोटेशन: दोन्ही क्लॅव्हिकलची (गळ्याच्या हाडांची) आतली टोकं मणक्याच्या मधल्या टोकापासून सारख्या अंतरावर आहेत का. मग श्वास पुरेसा घेतलाय का, म्हणजे समोरच्या सहा फासळ्या डायफ्रामच्या वर मोजता येतात का. हे एवढं होईपर्यंत डोळा फुप्फुसातल्या पांढऱ्या डागाकडं ओढ घेत असतो, त्याला आवरा. एक डाग सापडला की दुसरा शोधायचं थांबतो हा मेंदूचा गुण सगळ्यांच्यात आहे. म्हणून डाग सापडल्यावर मुद्दाम चार जागा बघा: दोन्ही एपेक्स (फुप्फुसाची वरची टोकं), हृदयाच्या मागचा भाग, दोन्ही हायलम (फुप्फुसाची मुळं) आणि डायफ्रामच्या खालची पट्टी. पाचवी जागा म्हणजे कडेची हाडं. खांद्याचं फ्रॅक्चर छातीच्या फिल्मवर निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आता आपल्याकडच्या फिल्मवर जे दिसतं ते पुस्तकात नसतं. वेणी पाठीवर तशीच राहिली तर एपेक्सपाशी पट्टेदार सावली येते आणि नवशिका रेसिडेंट तिथं टीबी लिहून मोकळा होतो. सावली फुप्फुसाच्या हद्दीबाहेर मानेत जाते का बघा. जात असेल तर टेक्निशियनला सांगा, आंबाडा वर बांधून परत काढा. ब्लाउजचे हूक, गळ्यातला ताईत, दंडातली पेटी, पाठीवर चिकटवलेली औषधाची पट्टी, सगळं फिल्मवर येतं. निपलची सावली तर रोजचीच: दोन्हीकडं सारखी आहे का बघा, शंका असेल तर मार्कर लावून पुन्हा घ्या.

आणि धंदा विचारा. फॉर्मवर "खोकला, दम" एवढंच असतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीत वाळूचं काम वीस वर्षं केलेल्या माणसाच्या फुप्फुसात वरच्या भागात बारीक गाठी दिसल्या, हायलमच्या गाठींना अंड्याच्या टरफलासारखी कडा दिसली, तर सिलिकोसिस (वाळूच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) मनात यायलाच हवा. त्याला टीबीही होऊ शकतो, किंबहुना सिलिकोसिसमध्ये टीबीचा धोका वाढतोच, म्हणून दोन्ही लिहा आणि थुंकीची तपासणी सुचवा. पण धंदा विचारला नसेल तर यातलं पहिलं सुचतच नाही. इचलकरंजीचा माग कामगार असेल तर कापसाच्या धुळीचं विचारा. मेंढरं राखणारा धनगर असेल आणि फुप्फुसात किंवा लिव्हरमध्ये गोल गुळगुळीत सिस्ट असेल तर हायडॅटिड (कुत्र्याकडून येणाऱ्या जंताची गाठ) आधी आठवा, आणि कुणी त्यात सहज सुई घालायला निघालं असेल तर त्याला थांबवा. कुत्रा, मेंढरू, माणूस ही साखळी इथं रोजच्या जगण्यातली आहे.

सोनोग्राफी ही बोलायची तपासणी आहे

खरं शिक्षण इथं होतं, म्हणून इथं जास्त थांबते.

आधी खुर्ची. स्टूल आणि मशीन स्वतःच्या उंचीला लावून घ्या, पेशंटला कॉटच्या कडेला ओढून घ्या, कोपर पेशंटच्या अंगावर किंवा कॉटवर टेकवा. सकाळच्या ओपीडीत खांदा हवेत धरून काम करणारे रेसिडेंट थर्ड इयरपर्यंत स्वतःच फिजिओथेरपीच्या रांगेत दिसतात. पोटासाठी कर्व्हिलिनियर प्रोब, साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा. थायरॉईड, अंडकोष, अपेंडिक्स, पायाच्या शिरा यांना लिनियर. खोली आणि फोकस प्रत्येक अवयवाला बदलायचा असतो. पहिल्या पेशंटला लावलेल्या सेटिंगवर अख्खी ओपीडी ओढू नका.

क्रम ठरवा आणि मोडू नका. माझा क्रम लिव्हर, पित्ताशय, सीबीडी (मुख्य पित्तनलिका), पोर्टल व्हेन (लिव्हरकडं जाणारी मोठी शीर), पॅन्क्रिया, स्प्लीन, दोन्ही किडन्या, मग खाली ब्लॅडर आणि पेल्व्हिस. तुमचा वेगळा असेल तर असू दे, रोज तोच ठेवा. आकडे पाठ हवेत: सीबीडी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत, वयानं आणि पित्ताशय काढलेलं असेल तर थोडी जास्त चालते; पोर्टल व्हेन १३ मिलिमीटरपर्यंत; पित्ताशयाची भिंत ३ मिलिमीटर; मोठ्या माणसाची किडनी ९ ते १२ सेंटिमीटर. पित्ताशयाची भिंत जाड दिसली की आधी विचारा, "काय खाल्लंय?" कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि भिंत जाड दिसते. गगनबावड्याहून पहिल्या एसटीनं आलेला माणूस उपाशी आहे असं सांगतो, पण स्टँडवर दुधाचा चहा आणि खारी झालेली असते. चहाला आपल्याकडं कुणी खाणं म्हणत नाही. म्हणून "उपाशी आहात का?" असं न विचारता "सकाळपासून तोंडात काय काय गेलं?" असं विचारा.

श्वासाचंही तसंच. "श्वास घ्या आणि धरा" म्हटलं की आज्जी छाती फुगवतात, खांदे उचलतात आणि लिव्हर फासळ्यांच्या मागं जिथल्या तिथं. "आज्जी, पोट फुगवा, ढेरी करा, हां, तसंच" म्हटलं की लिव्हर खाली सरकतं आणि पित्ताशय समोर येतं. सीमेपलीकडून, निपाणी-चिकोडीकडून आलेल्या पेशंटसाठी कानडीतले चार शब्द शिकून ठेवा. घाटाखालून, वैभववाडी-कणकवलीकडून आलेला पेशंट परतीच्या गाडीच्या काळजीत असतो. त्याला नंबर कधी लागेल ते आधीच सांगितलं तर तो शांत पडून राहतो.

आता पोटदुखीचा फोन कसा घ्यायचा ते दाखवते. गळिताच्या हंगामात हे अगदी असंच घडतं.

"मॅडम, एक पोट दुखतंय. सीटी करून देताय का?"

"कुणाचं, किती वय?"

"ऊसतोडीला आलेला आहे, बावीस-तेवीसचा. दोन दिवस दुखतंय म्हणतोय."

"आधी कुठं दुखलं, नंतर कुठं गेलं?"

"ते विचारून सांगतो."

तो विचारून सांगेपर्यंत वाट बघू नका, कॅज्युअल्टीत जा. पेशंट बीडकडचा, टोळीबरोबर आलेला, सोबत मुकादम. "भाऊ, पहिल्यांदा कुठं दुखलं?" "बेंबीपाशी." "आता?" बोट उजवीकडं खाली जातं. "त्या बोटानंच दाबून दाखवा, जिथं जास्त कळ येते तिथं ठेवा." जिथं बोट थांबतं तिथं लिनियर प्रोब ठेवायचा आणि हळूहळू दाबत न्यायचं, एकदम नाही. आतड्यातली हवा बाजूला सरकते, सोआस स्नायू आणि इलियाक रक्तवाहिन्या दिसल्या म्हणजे पुरेसं खोल पोचलात. एका टोकाला बंद असलेली, दाबून न दबणारी, ६ मिलिमीटरपेक्षा जाड नळी सापडली की काम झालं. सापडली नाही तर डाव्या कुशीवर वळवा आणि मागच्या बाजूनं शोधा, सीकमच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या) मागं दडलेलं अपेंडिक्स असं निघतं. तरीही नाही दिसलं तर "अपेंडिक्स दिसलं नाही" असंच लिहा. दिसलं नाही आणि नॉर्मल आहे, या दोन गोष्टींत एका माणसाचं फुटलेलं अपेंडिक्स बसतं. मग सीटीबद्दल बोला.

अपघाताच्या पेशंटला फास्ट (आत रक्त साठलंय का ते बघायची झटपट सोनोग्राफी) करताना चार जागा: लिव्हर आणि उजव्या किडनीच्या मध्ये, स्प्लीन आणि डाव्या किडनीच्या मध्ये, पेल्व्हिस, आणि हृदयाभोवती. दोन-तीन मिनिटांत उरकायचं. पहिली तपासणी कोरी आली तरी बीपी पडत असेल तर थोड्या वेळानं पुन्हा प्रोब ठेवा, रक्त साठायला वेळ लागतो.

रात्रीचा सीटी

पुणे-बंगळूर हायवे जवळ, त्यात ऊस भरलेल्या ट्रॉल्यांना मागचे दिवे नसतात. हंगामात रात्री डोक्याचे सीटी एकामागून एक येतात. इथं वेग लागतो, म्हणून सीटीवरच्या घनतेचे हाउन्सफिल्ड आकडे डोक्यात पक्के हवेत. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, ताजं साकळलेलं रक्त ५० ते ७०. सीटी बनवणाऱ्या हाउन्सफिल्डला याच यंत्रासाठी १९७९ चं नोबेल मिळालं, तुम्हाला त्याच्या आकड्यांवर रोजची रात्र काढायची आहे.

मेंदूची नेहमीची विंडो (पडद्यावर दाखवायचा आकड्यांचा पट्टा) रुंदी ८०, मध्य ४०. पण तिच्यावर थांबू नका. कवटीला चिकटलेला पातळ सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव) या विंडोत हाडाच्या पांढऱ्यात मिसळून जातो. रुंदी २०० च्या आसपास न्या म्हणजे तो वेगळा होतो. मग बोन विंडो, फ्रॅक्चरसाठी. मग स्काउट (स्कॅनच्या आधी घेतलेलं साधं चित्र), कारण त्यात मानेचे मणके असतात आणि ते बघायचं सगळे विसरतात. भिंगासारखा फुगीर तो एपिड्युरल (आवरणाबाहेरचा), चंद्रकोरीसारखा पसरलेला तो सबड्युरल, हे फायनल इयरलाच पाठ असतं. रात्री कामाला येतं ते पुढचं: मिडलाइन (मेंदूची मधली रेघ) किती सरकली ते मोजून सांगा, बेसल सिस्टर्न (मेंदूच्या तळाच्या पाण्याच्या पोकळ्या) उघडे आहेत का सांगा. न्यूरोसर्जनला हेच हवं असतं.

स्ट्रोकचा पेशंट आला तर तुमचा पहिला प्रश्न वेळेचा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि ते तास मोजायचे पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. घरचे म्हणतात, "सकाळी सहाला उठलं तर तोंड वाकडं." म्हणजे घड्याळ सहाला सुरू होत नाही, रात्री जेवून झोपले तेव्हा सुरू होतं. अशा पेशंटला एमआरआयमध्ये डिफ्युजन या चित्रावर दिसतंय पण फ्लेअर या दुसऱ्या चित्रावर अजून दिसत नाही असं आढळलं तर उपचाराची वाट उघडी राहू शकते, म्हणून लगेच बोला. साध्या सीटीवर आधी रक्तस्राव नाही हे ठरवा. नंतर विंडो ४०-४० ला अरुंद करून इन्सुलाची (मेंदूच्या एका भागाची) रेघ पुसट झाली का आणि मिडल सेरेब्रल आर्टरी जास्त पांढरी दिसते का बघा.

गंभीर काही सापडलं की फोन करा, आणि रिपोर्टमध्ये लिहा: कुणाला सांगितलं, किती वाजता. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून झोपायला जाणं म्हणजे सांगणं नव्हे. समोरच्यानं ऐकलं का, त्यानं ते परत म्हणून दाखवलं का, हे महत्त्वाचं. एमएलसी (पोलिसांकडं जाणारी केस) असेल तर दोनदा जपा. ते कागद वर्षांनंतर कोर्टात निघतात आणि तेव्हा सही तुमची असते.

कॉन्ट्रास्ट आणि लोखंड

कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करायला शिरेतून द्यायचं औषध) देण्याआधी बघायचं ते क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), आधीची ॲलर्जी, दमा, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी). दमा विचारताना "दमा आहे का" म्हटलं की सगळे नाही म्हणतात. "पंप ओढता का" विचारा. प्रेशर इंजेक्टरला कोपराच्या घडीत जाड कॅन्युला हवी, वॉर्डातून मनगटावर लावून पाठवलेली बारीक निळी नको. सलाइन ढकलून स्वतः बघितल्याशिवाय इंजेक्टर सुरू करू देऊ नका. ॲड्रेनलिन कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते रोज ड्युटी सुरू करताना बघा: मोठ्या माणसाला अर्धा मिली, १:१००० चं, मांडीच्या स्नायूत. घशाला आवळतंय, अंगाला गांधी उठल्यात, बीपी पडतंय, असं असताना आधी तेच. हायड्रोकॉर्ट नंतर.

एमआरआयच्या दाराशी कुणाचीही ओळख चालत नाही. मुंबईतल्या एका रुग्णालयात २०१८ साली ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेल्यानं पेशंटबरोबर आलेल्या तरुणाचा जीव गेला. चुंबक चोवीस तास चालू असतं, स्कॅन सुरू असो वा नसो, हे प्रत्येक नव्या मामांना आणि सिस्टरना स्वतः सांगा. बायकांना मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना काढायला सांगताना दारात उभं राहून ओरडू नका. जोडवी काढायला काहींचं मन होत नाही. बाजूला घेऊन दोन मिनिटं बोललं की काढतात, निघतच नसतील तर टेक्निशियनशी बोलून मार्ग काढा. आपल्याकडं तालमीतले पैलवानही बरेच येतात, गुडघा आणि खांदा घेऊन. त्यांचे खांदे ६० सेंटिमीटरच्या बोअरमध्ये (मशीनच्या बोगद्यात) मावत नाहीत, म्हणून आधी बघून घ्या. गुडघा अडकतो का, कुठल्या डावात मुरगळला, हे विचारलं तर पैलवान उठून डाव करूनच दाखवतो, आणि मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) कुठल्या बाजूचा बघायचा ते तिथंच कळतं.

रिपोर्ट

टेम्प्लेट वापरा, पण शेवटी एकदा पेशंटचं नाव, वय, लिंग समोर ठेवून सगळं वाचा. पुरुषाच्या रिपोर्टात गर्भाशय नॉर्मल, पित्ताशय काढलेल्या बाईच्या रिपोर्टात पित्ताशय नॉर्मल, हे प्रत्येक विभागात कधी ना कधी होतं आणि मग सर्जरीवाले पाच वर्षं चहाच्या टपरीवर तेच सांगतात. इम्प्रेशनमध्ये आधी ती ओळ, जिच्यासाठी फॉर्म आला होता. "क्लिनिकल कोरिलेशन" ही ओळ लपायला वापरू नका. काय जुळवून बघायचं ते लिहा: लायपेज करा, जुनी फिल्म आणा, सहा आठवड्यांनी परत बघा.

वही

आता मूळ मुद्दा. एक वही करा, पेशंटची नावं न लिहिता. केस पेपर नंबर, मी काय लिहिलं, खरं काय निघालं. मधला रकाना रोज भरतो, तिसरा भरायला उठून जावं लागतं. दुपारी रिपोर्टिंग संपल्यावर वॉर्डात जा. तुम्ही लिव्हरमध्ये ॲब्सेस म्हटलात, पस निघाला का? ओव्हरीची गाठ साधी म्हटलात, पॅथॉलॉजीनं काय लिहिलं? ओटीत डोकावून विचारा, सर्जन लोक बोलायला तयारच असतात, विशेषतः तुम्ही चुकला असाल तर. तोडकरी टोळीबरोबर निघून जातो, घाटाखालचा पेशंट परत येत नाही, म्हणून डिस्चार्जच्या आधीच गाठायचं. आठवड्याला दोन-चार केसचा पाठलाग केलात तरी वर्षाअखेर जी वही होते ती विकत मिळत नाही. वाचनही मग आपोआप होतं: ज्या केसनं फसवलं तिचं प्रकरण त्या रात्री झोप येत असली तरी वाचलं जातं. फिजिक्स मात्र पहिल्या सहा महिन्यांत मशीनसमोर उभं राहून वाचा. नंतर ते कुणी वाचत नाही.

थिसिस, डीआरपी, परीक्षा

थिसिसचा विषय आपल्या ओपीडीत रोज येतो तोच घ्या. दुर्मीळ आजारावरचा विषय गाइडला आवडतो, सँपल मात्र तुम्हाला गोळा करायचं असतं. एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय एकही केस मोजायची नाही. नाशिकच्या विद्यापीठाच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा, त्या कुणासाठी पुढं सरकत नाहीत.

डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे (डीआरपी), म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या कामाचे ३ महिने सुट्टी समजून जातात, ते वाया जातात. तिथं मागं वळून विचारायला प्राध्यापक नसतात, एक्स-रे आणि सोनोग्राफीवर निर्णय द्यायचा असतो. हात तिथं बसतो. मशीन जुनं आहे म्हणून कुरकुरू नका.

परीक्षेला लेखी चार पेपर, मग प्रॅक्टिकल. तिथं गप्प बसलेला माणूस नापास होतो. फिल्म लावली की तोंडानं बोलायची सवय सेकंड इयरपासून लावा: कुठली तपासणी, कुठलं दृश्य, काय दिसतंय, मग शक्यता. ड्युटी उतरल्यावर मिसळ खायला जाता तिथं एकमेकांना मोबाइलवर फिल्म दाखवून बोलायला लावा, फक्त नाव झाकलेली फिल्म. शेजारच्या टेबलावरची माणसं कटासकट टेबल बदलतील, बदलू देत.

जाताना

निकाल लागला की सगळे सीनियर रेसिडेन्सी आणि सरकारी सेवेच्या बाँडच्या मागं धावतात आणि तीन कागद राहून जातात. टीएलडी बॅज परत करून आतापर्यंतच्या डोसच्या नोंदीची प्रत घ्या, नव्या ठिकाणी तीच पुढं चालते. पीसीपीएनडीटीच्या नोंदणीतून नाव कमी करण्याचं पत्र तुमच्या समोर जावक क्रमांक टाकून निघालं पाहिजे. नाहीतर तुम्ही दुसऱ्या गावात आणि इथल्या मशीनवर नाव तुमचंच, असं होतं. नवीन केंद्रात नाव चढल्याचं लेखी हातात येईपर्यंत तिथल्या प्रोबला हात लावू नका, मालक कितीही घाई करू दे. तिसरा कागद लॉगबुकचा: एचओडींची सही सगळ्या पानांवर आहे का, शेवटच्या आठवड्यात नाही, महिनाभर आधी बघा. मे महिन्यात सर-मॅडम सुट्टीवर जातात.